टेबल क्रमांक तीन, त्रिएस्ते बंदर

या फुर्लानसाहेब, आधी दार लोटून घ्या.
पहाटेपासून बोरा सुटलाय डोंगरावरून,
कागद उडाले तर तुमचे चार हजार दोनशे नग
मी पुन्हा मोजणार नाही.

तुम्ही लिहिलंय: शर्ट. पुरुषांचे. सुती. विणलेले.
विणलेले म्हणजे कसे?
फंद्यात फंदा अडकवून, की मागावर, उभ्या-आडव्या धाग्यांनी?
एका शब्दात तुम्ही दोन प्रकरणं उरकलीत.
माझ्याकडे त्या दोघांमध्ये भिंत आहे.

हे भिंग घ्या. डोळा टेकवा.
दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद,
दिवसभर मी एवढ्याच अंगणात फिरते.
सेंटिमीटरला दहा टाके भरले तर शर्ट.
तीनदा मोजले: नऊ. नऊ. साडेनऊ.
त्यात कमरेखाली खिसा.
कमरेखाली खिसा आला की शर्टपण जातं.
कसं जातं विचारू नका, जातं.
बत्तीस वर्षं मी हे सांगत आलेय
आणि बत्तीस वर्षं माझ्या नवऱ्याला तो विनोद वाटत आलाय.

दर सारखाच, म्हणता?
सारखाच. एका सेंटचा फरक नाही.
पण चुलत भावाला सख्खा म्हटलं
आणि वाटणी नाही बदलली, तरी
घरात कुणीतरी खाकरतंच.

आता दुसरी पेटी.
हे वाऱ्यात घालायचं जाकीट, मधोमध चेन,
ना डावं उजव्यावर, ना उजवं डाव्यावर.
डावं वर आलं तर पुरुषाचं,
उजवं वर आलं तर बाईचं.
आणि कुणाचं ते कळतच नसेल तर?
तर बाईचं.
असं छापलंय, मी नाही छापलं.
ज्याचा निकाल लागत नाही ते आमच्या खात्यात,
आजारी सासऱ्यासारखं,
चावी हरवलेल्या कपाटासारखं.
हसू नका. सही इथे करा.

थांबा थोडं, वारा बसू दे.
चौकात दोर बांधलेत म्हणे, लोक धरून चालतायत.

तुम्ही लहान आहात, तुम्हाला पोन्ते रोसोचा बाजार आठवायचा नाही.
सीमेपलीकडून बसगाड्या भरून यायच्या,
बाया जीन्स घ्यायच्या
आणि परतताना एकीवर एक चढवायच्या.
कुणी दोन, कुणी तीन. माझी आई झोर्का, चार.
पेटीतलं कापड म्हणजे माल,
अंगावरचं कापड म्हणजे अंग:
हा नियम माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही,
तेव्हा सगळ्या बसला पाठ होता.
गुडघे वाकायचे नाहीत,
मग सेझानापर्यंत ती उभीच,
दांडीला धरून, भरलेल्या पोत्यासारखी.

एका खेपेला चार पँटींच्या आत मीही होते.
वरची बटणं लागेनात, तिनं सुतळी बांधली.
नाक्यावरचा अधिकारी खाली-वर बघत राहिला.
माझ्या आत्ताच्या वयाचा असेल,
मोजण्याची सवय असलेला माणूस.
पोटाकडे बोट दाखवून म्हणाला, हे काय?
हे इकडचंच, आई म्हणाली,
सकाळी जातानाही होतं, तुमच्या वहीत बघा.
आणि एवढे कपडे?
थंडी वाजते.
ऑगस्ट होता.

त्यानं शिक्का उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.
पुढचं मला माहीत नाही.
आई दर वेळी इथवर सांगायची
आणि गॅसवरचं ढवळायला उठायची.

लोक म्हणतात, नेविया टाके मोजते, माणसं मोजत नाही.
म्हणोत.
कुठल्याशा शहरात कुणीतरी रात्रपाळीत
मशीनचा काटा एक घर सैल ठेवला,
ते भिंगातून दिसतं मला.
कोण, ते दिसत नाही.
त्यासाठी रकाना नाही.

हे घ्या कागद. नऊ आहेत, नऊच लिहिलेत.
आणि बाहेर पडताना कोट नीट मिटा.
डावं वर, उजवं वर,
कसंही.